क्रॉपीसाठी गाठी आणि रिग: सहा पौंडी लाइनवर भरवशाचं काम

अमेरिकेत राहून गळाने मासे धरायला सुरुवात करणाऱ्या मराठी घरांना मी पहिला मासा म्हणून क्रॉपीच सुचवतो. तिच्यासाठी बोट लागत नाही, सामान स्वस्त मिळतं आणि वसंतात ती स्वतःहून काठाजवळ येते. बांगडा-सुरमईवर वाढलेल्यांनाही तिचं पांढरं, गोडसर मांस आवडतं. रव्यात घोळवून तव्यावर टाकली की ताटात उरत नाही. डॅलसच्या पूर्वेचा लेक फोर्क, नॅशव्हिलला लागून असलेला पर्सी प्रीस्ट, सेंट लुइसहून सहज गाठता येणारा इलिनॉयमधला कार्लाइल, अशा बऱ्याच तलावांत ती भरपूर आहे. मिसिसिपीतला ग्रेनाडा आणि टेनेसीतला रीलफूट तर क्रॉपीसाठीच ओळखले जातात.

अडचण आहे ती तिच्या तोंडाची. क्रॉपी हातात आली की तिचा जबडा हलकेच उघडून उजेडासमोर धरा. ओठांमागची त्वचा इतकी पातळ असते की पलीकडचा उजेड दिसतो. जोरात हिसका मारला की गळ तोंड फाडून बाहेर येतो. म्हणून गळ बारीक तारेचा, लाइन पातळ आणि हात सैल ठेवावा लागतो. अशा हलक्या सामानात जाडीच्या जोरावर काही निभावून नेता येत नाही. सगळा भार गाठीवर येतो, आणि पुढचं सगळं लिहिलंय ते त्यासाठीच.

मासा कुठे असतो, कसा खातो

क्रॉपीच्या दोन जाती आहेत, काळी आणि पांढरी. नुसत्या रंगावर जाऊ नका, गढूळ पाण्यात काळीही फिकट दिसते. पाठीवरच्या पराचे टोकदार काटे मोजा: काळीला सात किंवा आठ, पांढरीला पाच किंवा सहा. नेहमी मिळणारी क्रॉपी अर्धा ते एक पौंडाची. पांढऱ्या क्रॉपीचा जागतिक विक्रम १९५७ साली मिसिसिपीत ईनिड धरणापाशी झाला, ५ पौंड ३ औंस. काळीचा २०१८ साली टेनेसीतल्या एका तळ्यात, ५ पौंड ७ औंस. म्हणजे सहा पौंडी लाइन विक्रमी माशालाही पुरावी, गाठ शाबूत असेल तर.

रिग म्हणजे लाइनवर गळ, वजन वगैरेंची जुळणी. ती मांडताना दोन गोष्टी कायम डोक्यात ठेवायच्या. पहिली, क्रॉपी वर बघत खाते. गळ तिच्या डोक्याच्या थोडा वर असेल तर ती उठून येते. तिच्या खाली गेलेल्या गळाकडे सहसा बघतही नाही. दुसरी, ती आडोसा सोडत नाही. पाणी साधारण ६० ते ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १६ ते १८ सेल्सिअस झालं की अंडी घालायला दोन ते सहा फुटांच्या उथळ पाण्यात येते. एरवी बुडालेली झाडं, झुडपांचे ढीग, धक्क्याचे खांब यांच्या आसपास खोलात राहते. म्हणजे आपला गळ सतत फांद्यांमधूनच फिरणार. खोली नेमकी धरता यावी आणि अडकलेला गळ सोडवता यावा, या दोन गरजांतूनच क्रॉपीच्या रिग घडल्या आहेत.

सामान

सहा-सात फुटी अल्ट्रालाइट रॉड आणि छोटी स्पिनिंग रील सुरुवातीला पुरे. पुढे झाडांच्या खोडांशी सरळ खाली जिग (वजनदार डोक्याचा गळ) सोडायची गोडी लागली तर दहा-बारा फुटी लांब रॉड घ्या.

लाइन मोनोफिलामेंट, म्हणजे आपलं तंगूसच घ्या. सहा पौंडी लाइन सुमारे २.७ किलोला तुटते आणि जाडी पाव मिलिमीटरपेक्षा किंचित कमी असते. नितळ, मोकळ्या पाण्यात चार पौंडी चालते. झुडपांत आठ पौंडी हवी. दुकानातला माणूस ब्रेड, म्हणजे विणलेल्या धाग्यांची लाइन पुढे करेल. ती पातळ आणि मजबूत असते हे खरं, पण ती ताणत नाही. तंगूस थोडं ताणलं जातं आणि तोच ताण नाजूक तोंडाला सांभाळून घेतो. शिवाय नवख्या हाताची गाठ तंगुसात जास्त चांगली बसते. उन्हाने तंगूस कमकुवत होतं, तेव्हा दर मोसमाच्या सुरुवातीला रीलवर नवं भरा.

गळ ऍबरडीन नावाचे घ्या: लांब दांडीचे, बारीक तारेचे, बहुधा सोनेरी. आकार ४ किंवा २. हे आकडे उलटे चालतात, २ नंबरचा गळ ४ पेक्षा मोठा असतो. जिग म्हणजे गळावर ओतलेलं छोटं डोकं आणि मागे मऊ प्लास्टिकची किंवा पिसांची शेपटी. वजनं तीन ठेवा: १/३२ औंस (सुमारे ०.९ ग्रॅम), १/१६ औंस (१.८ ग्रॅम) आणि १/८ औंस (३.५ ग्रॅम). एकच घ्यायची तर १/१६. सोबत चीर असलेल्या बारीक गोळ्या, ज्यांना स्प्लिट शॉट म्हणतात, पाण्यावर तरंगणारे दोन प्रकारचे फ्लोट, बारीक मणी, घंटेच्या आकाराची वजनं, नेलकटर आणि बारीक चोचीची पक्कड.

नवीन जिग आणल्या की घरीच एक काम उरकून टाका. रंग देताना त्यांच्या नेढ्यात रंग भरून बसतो. जुन्या गळाच्या टोकाने तो खरवडून काढा, कारण त्याची वाळलेली कड लाइन कापते. काठावर बोचऱ्या गारठ्यात हे करणं फार जिवावर येतं.

गाठ आवळण्याची रीत

कुठलीही गाठ असो, शेवटी आवळण्यापूर्वी ती ओली करायची. थुंकी लावा नाहीतर पाण्यात बुडवा. कोरडी लाइन स्वतःवरच घासली की तापते आणि तापलेलं नायलॉन तिथेच कमजोर होतं. झटका देऊ नका. हळूहळू, एकाच दमात ओढत न्या. वेढे एकाशेजारी एक ओळीने बसले पाहिजेत. एकावर एक चढलेले दिसले तर गाठ कापा आणि पुन्हा बांधा, मग समोर कितीही मासे उड्या मारत असोत. उरलेलं टोक अगदी मुळाशी कापायचं नाही, दोनेक मिलिमीटर ठेवायचं.

मग परीक्षा. गळ पकडीत धरा, लाइन हाताला एक वेढा घेऊन ठाम ओढा. मऊ ताण जाणवला, गाठ जागची हलली नाही, तर ती पाण्यात टाकायला हरकत नाही.

लाइन तुटली तर तुटलेलं टोक फेकू नका, निरखून बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालं असेल तर लाइन तुटलेलीच नाही, गाठ सरकून सुटली आहे. टोक सरळ आणि स्वच्छ असेल तर ताण जास्त झाला. खरखरीत, पांढुरकं असेल तर लाइन फांदीवर किंवा दगडावर घासली होती. तीन कारणं, तीन वेगळे उपाय: गाठ नीट बांधा, रीलचा ड्रॅग (ओढ आल्यावर लाइन सोडणारा ब्रेक) सैल करा, किंवा शेवटची दोन फूट लाइन कापून टाका.

क्लिंच: गळासाठी रोजची गाठ

पुढे 'मुख्य लाइन' म्हणजे रीलकडे जाणारी बाजू आणि 'मोकळं टोक' म्हणजे हातातलं टोक.

१. मोकळं टोक नेढ्यातून पाच-सहा इंच बाहेर काढा.
२. ते मुख्य लाइनभोवती पाच वेळा गुंडाळा. चार पौंडी लाइन असेल तर सहा वेळा.
३. नेढ्याला लागूनच एक छोटी फट राहिलेली दिसेल. टोक त्या फटीतून घाला.
४. असं केल्यावर एक मोठा फास तयार होतो. टोक त्याही फासातून काढा. हीच सुधारित क्लिंच.
५. ओलं करा, मोकळं टोक बोटांत धरा आणि मुख्य लाइन ओढत न्या. वेढे दाटून नेढ्यावर बसतील.

पायरी ४ गाळली तरी गाठ दिसायला तशीच दिसते, पण टिकत नाही. ब्रेडवर ही गाठ वापरू नका, ती सरकते.

पालोमार: कमी पायऱ्या, जास्त ताकद

मला सगळ्यांत भरवशाची वाटते ती पालोमार. मुलांना शिकवायलाही हीच सोपी. लाइनची शेवटची सहा इंचं दुमडून दुहेरी करा आणि तो दुहेरी फास नेढ्यातून पलीकडे काढा. आता दुहेरी लाइनने एक साधी, सैल निरगाठ मारा. गळ मध्ये लोंबत राहील. मग फास उघडून पूर्ण गळ, टोकासकट, त्यातून पलीकडे न्या. ओलं करा, मुख्य लाइन आणि मोकळं टोक दोन्ही एकत्र धरून ओढा. फास नेढ्याच्या वर येऊन बसला पाहिजे; गळाच्या दांडीवर खालीच अडकून राहिला तर सोडवून पुन्हा ओढा. आतली दोन पदरं एकमेकांवर तिढा घेत नाहीत ना, तेवढं बघायचं. तंगूस असो वा ब्रेड, ही गाठ दोन्हीकडे चालते.

लूप गाठ: जिग मोकळी हलावी म्हणून

वरच्या दोन्ही गाठी गळाला घट्ट चिकटतात. छोट्या जिगला कधीकधी तेच नको असतं. लाइनच्या ताठरपणामुळे एक ग्रॅमची जिग अकडून राहते. नेढ्याभोवती छोटी कडी राहिली तर ती पाण्यात मोकळेपणी डोलते. त्यासाठी न सरकणारी लूप. पहिल्या काही वेळा हात अडखळेल, तेव्हा जाड दोरी आणि किल्ल्यांची रिंग घेऊन सराव करा.

१. टोकापासून आठेक इंचांवर लाइनला एक साधी सैल गाठ मारा. आवळू नका, तिचं भोक उघडं राहू द्या.
२. टोक जिगच्या नेढ्यातून काढा.
३. टोक मागे आणून त्याच उघड्या गाठीतून परत घाला. ज्या बाजूने ते गाठीतून बाहेर आलं होतं, त्याच बाजूने आत गेलं पाहिजे. सगळी मेख इथे आहे.
४. आता मोकळं टोक मुख्य लाइनभोवती सहा-सात वेळा गुंडाळा.
५. टोक पुन्हा त्याच पहिल्या गाठीतून, पुन्हा त्याच बाजूने आणा.
६. ओलं करा. आधी मोकळं टोक हलकं ओढून वेढे गोळा करा, मग जिग आणि मुख्य लाइन विरुद्ध दिशांना ओढा.

कडीचा आकार पायरी ३ झाल्यावरच ठरवायचा, पहिली सैल गाठ जिगच्या जवळ नेऊन. पाच-सहा मिलिमीटर पुरे. मोठी कडी गळाच्या टोकात अडकते.

रिग पहिली: स्थिर फ्लोट

मुलं, काठ आणि उथळ पाणी असं जमलं की हीच. लाइनच्या टोकाला ४ नंबरचा ऍबरडीन गळ क्लिंचने बांधा. आठ ते बारा इंच वर एक स्प्लिट शॉट पकडीने दाबा, बेताने. जास्त चिरडली तर आतली लाइन जायबंदी होते. त्याच्या वर हवी तेवढी खोली सोडून क्लिपचा फ्लोट लावा. फ्लोट बारीक निवडा. मोठा, गोल फ्लोट खाली ओढताना पाण्याचा अडथळा जाणवतो आणि क्रॉपी आमिष सोडून देते. फ्लोटचा वरचा तिसरा भागच पाण्याबाहेर दिसावा इतकं वजन घाला.

आमिष म्हणून मिनो, म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढे जिवंत मासे. गळ हनुवटीखालून घालून दोन्ही ओठांतून वर काढा, किंवा पाठीवरच्या पराखाली कातडीतून न्या; पाठीचा कणा टाळा. ते जवळच्याच दुकानातून घ्या आणि उरलेले तलावात सोडू नका. परका मासा पाण्यात गेला की तिथलं सगळं गणित बिघडतं, आणि बऱ्याच राज्यांत तो गुन्हाही आहे.

या रिगची मर्यादा लांबीची आहे. फ्लोट आणि गळ यांच्यात रॉडच्या लांबीपेक्षा जास्त लाइन ठेवली तर फेकताच येत नाही. पाच-सहा फुटांच्या पुढे दुसरी रिग लागते.

रिग दुसरी: सरकता फ्लोट

मला विचाराल तर क्रॉपीसाठी एकच रिग शिकायची तर ही शिका. फ्लोट लाइनवर मोकळा सरकतो, म्हणून फेकताना सगळं सामान टोकाशी गोळा होतं. पाण्यात पडल्यावर वजन लाइनला फ्लोटमधून खाली ओढत नेतं, आणि ठरवलेल्या खोलीवर एक छोटी गाठ येऊन थांबते. पंधरा फूट खोलही काठावरून नेमकं मांडता येतं.

ओवण्याचा क्रम चुकवू नका. रीलकडून टोकाकडे: थांबगाठ, मणी, फ्लोट, स्प्लिट शॉट, गळ किंवा जिग. मणी आणि फ्लोट यांची अदलाबदल झाली तर गाठ फ्लोटच्या भोकातून निघून जाते आणि आमिष तळाला जाऊन बसतं.

थांबगाठ बाजारात रबरी किंवा दोऱ्याची तयार मिळते, पण ती हाताने बांधायला शिका, कारण युनी नावाची ही गाठ इतर ठिकाणीही कामाला येते. मुख्य लाइनपेक्षा थोड्या जाड तंगुसाचा दहा-बारा इंचांचा तुकडा घ्या. तो मुख्य लाइनला समांतर धरा. तुकड्याचं एक टोक मागे वळवून फास करा. तेच टोक फासाच्या आतून, मुख्य लाइन आणि तुकडा दोन्ही कवेत घेत, चार-पाच वेळा गुंडाळा. ओलं करून तुकड्याची दोन्ही टोकं विरुद्ध दिशांना ओढा. गाठ लाइनवर बोटांनी ढकलली की सरकावी, पण आपणहून हलू नये. टोकं अर्धा इंच ठेवून कापा. अगदी आखूड कापलेली ताठ टोकं रॉडच्या कड्यांत अडकतात. जरा लांब ठेवलेली वाकून निघून जातात.

वजन पुरेसं हवं. १/३२ औंसाची जिग एकटी लाइनला फ्लोटमधून ओढू शकत नाही, तिच्या फूटभर वर एक स्प्लिट शॉट द्या. फ्लोटवर सहसा त्याला लागणारं वजन लिहिलेलं असतं, ते वाचा.

आता खोली. आधी तळ शोधा: थांबगाठ वर वर सरकवत फेकत राहा. फ्लोट ताठ उभा राहतो तोवर आमिष अधांतरी आहे. ज्या फेकीला तो आडवा पडून राहिला, त्या फेकीला आमिष तळाला टेकलं. तिथून गाठ दोनेक फूट खाली, गळाच्या दिशेने आणा आणि सुरुवात करा. कोणाला आठ फुटांवर मासा लागताना दिसला तर तुमचा गळ सात फुटांवर असू द्या.

उभा फ्लोट काही वेळाने अचानक आडवा झाला तर? वाट बघू नका. क्रॉपी आमिष तोंडात धरून वर आली आहे आणि वजन हलकं झाल्याने फ्लोट पडला आहे. नवीन माणूस फ्लोट बुडायची वाट बघत राहतो आणि हे चावे हातचे जातात.

रिग तिसरी: नुसती जिग

टोकाला जिग, बाकी काही नाही. दिसायला सर्वांत सोपी, पण गाठीची खरी कसोटी इथेच लागते.

लांब रॉडने खोडाशेजारी किंवा धक्क्याच्या खांबाशी जिग सरळ खाली सोडून धरायची असेल तेव्हा ती पाण्यात आडवी राहिली पाहिजे, पोहणाऱ्या छोट्या माशाच्या अंगकाठीत. नाक वर, शेपूट खाली अशी लोंबणारी जिग क्रॉपीला खोटी वाटते. यासाठी डोक्याच्या वर, दांडीशी काटकोनात नेढं असलेली जिग घ्या, पालोमारने किंवा क्लिंचने घट्ट बांधा आणि नखाने गाठ नेढ्याच्या माथ्यावर आणा. जिग डोळ्यांसमोर लोंबकळत धरा. नाक वर असेल तर गाठ किंचित मागे, शेपटीकडे ढकला; शेपूट वर असेल तर पुढे. केसभर सरकवलं तरी फरक दिसतो. प्रत्येक माशानंतर, प्रत्येक अडकण्यानंतर गाठ जागेवरून हलते. ती परत माथ्यावर आणायची सवय बोटांना लावून घ्या. शेजारच्या माणसाला सारखे मासे लागतायत, त्याच रंगाची जिग आपल्याकडे आहे आणि आपल्याला काही नाही, असं होतं तेव्हा मी आधी हेच बघतो.

फेकून हळूहळू ओढायची असेल किंवा फ्लोटखाली लोंबवायची असेल तेव्हा मात्र लूप गाठ. तिथे जिग स्वतःचा तोल स्वतः धरते. जिग खूप हलवू नका. नवा माणूस रॉड सतत नाचवतो. थंड पाण्यात तर जवळजवळ स्थिर धरलेली जिगच जास्त चालते.

दोन जिग लावायच्या तर पालोमारचा एक छान उपयोग आहे. वरची १/३२ जिग बांधताना मोकळं टोक कापू नका, दीड ते दोन फूट ठेवा. त्याच्या शेवटी १/१६ ची जड जिग बांधा. दोन रंग, दोन खोल्या, एकच लाइन. कोणत्या खोलीवर चावा येतोय ते कळलं की पुन्हा एकावर या.

रिग चौथी: केंटकी रिग

केंटकी लेकच्या नावाने ओळखली जाणारी ही दोन गळांची रिग बोटीतून, खोल पाण्यात, बुडालेल्या झुडपांवर वापरतात. वजन सर्वांत खाली, अर्धा ते एक औंस. त्याच्या वर दीड फुटावर एक गळ, आणखी दीड फुटावर दुसरा. वजन तळाला टेकवायचं, लाइन ताठ ठेवायची आणि बोट सावकाश चालवायची. वजन आधी फांदीला लागतं, हाताला टकटक कळते आणि गळ अडकण्याआधी रॉड उचलता येतो.

गळ बाजूला उभे राहावेत म्हणून ड्रॉपर लूप. लाइनमध्ये चार-पाच इंचांचा गोल फास करा. जिथे दोन पदरं एकमेकांवर येतात तिथे एक पदर दुसऱ्याभोवती आठ-दहा वेळा पिळा. त्या पिळाच्या बरोबर मधोमध बोटाने फट उघडा आणि फासाची समोरची बाजू त्या फटीतून ओढून काढा. ती दातांत धरा, पीळ ओले करा आणि लाइनची दोन्ही टोकं बाजूंना ओढा. लाइनला काटकोनात उभी राहणारी कडी मिळते. कडीचं टोक दाबून गळाच्या नेढ्यातून घाला, गळ त्यातून ओवून काढा, झालं. कडी आखूड ठेवा, लांब ठेवली तर ती मुख्य लाइनला गुंडाळते.

चावा, ओढ आणि अडकलेला गळ

चावा आला की हिसका नाही, मनगटाने नुसतं वर उचलायचं. ड्रॅग इतका सैल की हाताने लाइन ओढली तर कुरकुर न करता निघावी. मासा वर येताना लाइन सैल पडू देऊ नका आणि एक पौंडाची असली तरी जाळी खाली धरा. लाइनला धरून मासा धक्क्यावर उचलताना सर्वांत जास्त क्रॉपी परत पाण्यात पडतात.

गळ फांदीत रुतला तर रॉड वाकवून ओढू नका. रॉडचं टोक सरळ अडकलेल्या जागेकडे करा, रीलची चकती हाताने धरा आणि सावकाश, ठाम मागे सरका. ऍबरडीनची बारीक तार सरळ होते आणि गळ सुटून येतो. पकडीने पुन्हा वाकवा. दोन-तीनदा वाकवलेला गळ टाकून द्या, तार थकलेली असते. झुडपांत आठ पौंडी लाइन सांगितली ती याचसाठी, लाइनची ताकद गळापेक्षा जास्त असेल तरच ही युक्ती चालते. ब्रेड लाइन असेल तर ती उघड्या हाताला कधीही गुंडाळू नका, बोट कापेल.

दर चार-दोन माशांनंतर शेवटची दोन फूट लाइन बोटांच्या चिमटीतून फिरवा. खरखर लागली की कापा आणि नवी गाठ मारा. नव्या गाठीला मिनिटभर लागतं.

परवाना, गळांची संख्या आणि शिसं

प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, नियम वेगळे. किती मासे घरी न्यायचे, किमान लांबी किती, एका माणसाने किती लाइन टाकायच्या, हे राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावर दरवर्षी बघा. मिनेसोटात उन्हाळ्यात एका माणसाला एकच लाइन टाकता येते. दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांत एकावेळी कितीतरी रॉड मांडून बसलेले लोक दिसतील. तोच मासा, पण तुमची रिग तिथल्या कायद्यात बसली पाहिजे. मोठ्या रोहू-कटल्याच्या आठवणीने वजनावर जाऊ नका, इथे इंच मोजतात. फूटपट्टी जवळ ठेवा. कोणत्या तलावातला मासा किती खावा याच्या पाऱ्याबद्दलच्या सूचनाही तिथेच असतात, गरोदर बायका आणि लहान मुलं घरात असतील तर त्या आवर्जून वाचा.

शिशाच्या गोळ्यांबद्दल मला मनापासून सांगायचंय. उत्तरेकडच्या तलावांतले लून पक्षी तळाची खडी गिळतात आणि तिच्यासोबत पडलेली शिशाची गोळी गेली की विषबाधेने मरतात. न्यू हॅम्पशायर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये लहान वजनाच्या शिशाच्या गोळ्या आणि जिगवर म्हणूनच बंदी आहे. कथिलाच्या किंवा टंगस्टनच्या गोळ्या थोड्या महाग पडतात, पण तुमच्या राज्यात बंदी नसली तरी त्याच घ्या. मुलं स्प्लिट शॉट दाताने दाबतात, हेही कारण पुरेसं आहे.

कापलेले तंगुसाचे तुकडे खिशात ठेवा. अनेक बोट रॅम्पवर ते टाकायला वाकड्या नळीची पेटी लावलेली असते. पाण्यात राहिलेला तुकडा पक्ष्यांच्या पायांना आवळतो.

आदल्या रात्रीची तयारी

पहाटे काठावर, गार वाऱ्यात बोटं बधिर झालेली असताना ड्रॉपर लूप बांधणं नको. केंटकी रिग आणि दोन जिगच्या जोड्या घरी दिव्याखाली बांधा. पोहायला वापरतात त्या फोमच्या लांब नळीचा हातभर तुकडा कापा, रिग त्याच्यावर गुंडाळा आणि गळाची टोकं फोममध्ये खुपसा. रिगच्या वरच्या टोकाला एक छोटा फास बांधून ठेवा, म्हणजे काठावर मुख्य लाइनला बांधायला एकच गाठ उरते. प्रत्येक रिगशेजारी पेनने लाइनचे पौंड आणि जिगचं वजन लिहा. सरकत्या फ्लोटची रिग मात्र रॉडवरच मांडून न्या, थांबगाठ रीलवर गुंडाळलेली आणि गळ रॉडच्या बुडाशी असलेल्या कडीत अडकवलेला. गाडीतून उतरल्यावर आधी गाठ ओढून बघा, मगच मिनोचं भांडं उघडा.